यावल-रावेर पट्ट्यातलं नेटवर्क एका पडद्यावर: लिब्रेएनएमएस बसवतानाच्या नोंदी

यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि चोपड्याकडचा अडावद-धानोरा भाग, एवढ्यात पसरलेलं छोटं इंटरनेट जाळं. मिक्रोटिकचे राउटर, युबिक्विटीच्या रेडिओ लिंक, काही स्विच आणि ओएलटी (फायबरच्या ग्राहकांना जोडणारी केंद्रातली यंत्रं) मिळून पावणेदोनशेच्या आसपास यंत्रं. कोणतं चालू, कोणतं बंद आणि बंद असेल तर का, हे फोन खाली ठेवायच्या आत सापडलं पाहिजे, एवढंच उद्दिष्ट. आलेखांची हौस नंतर.

२८ मार्च

आतापर्यंतची पद्धत: ग्राहकाचा फोन आला की एक्सेलच्या यादीत गाव शोधायचं, आयपी उचलायचा, विनबॉक्स (मिक्रोटिकच्या सेटिंगचं ॲप) उघडायचं. यादीतले बरेच आयपी जुने. अडावदहून फोन येतो, ‘भाऊ, नेट बंद शे’, आणि तिथे दोन टॉवर असल्याने आधी कोणता ते विचारावं लागतं.

लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर निवडलं. फुकट आहे, एसएनएमपीवर (यंत्रांना त्यांची स्थिती विचारायच्या ठरलेल्या भाषेवर) चालतं आणि मिक्रोटिक-युबिक्विटी ओळखतं. झॅबिक्स हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर जास्त ताकदीचं, पण त्यात टेम्प्लेट जुळवत बसावं लागतं. इथे यंत्र जोडलं की पोर्ट, तापमान, व्होल्टेज जे मिळेल ते आपोआप उचललं जातं.

१ एप्रिल

ऑफिसातला पडून असलेला आय-फाइव्ह डेस्कटॉप घेतला. रॅम ८ जीबी, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी. हा एकच खर्च, आणि तो टाळू नका. दर पाच मिनिटांनी हजारो छोट्या आरआरडी फायलींत (आलेखांचे आकडे साठवणाऱ्या) लिखाण होतं. फिरत्या डिस्कवर तेवढ्यातच मशीन दमतं.

उबुंटू सर्व्हर, मारियाडीबी, एनजिनएक्स, पीएचपी. मांडणी संकेतस्थळावरच्या पायऱ्यांप्रमाणेच होते. फक्त वेळेच्या क्षेत्राकडे लक्ष द्या. एशिया-कोलकाता हे तीन जागी सांगावं लागतं: ऑपरेटिंग सिस्टिमला, पीएचपीच्या वेब भागाच्या आयएनआय फाइलला आणि कमांड लाइनच्या वेगळ्या आयएनआय फाइलला. एक जरी राहिलं तरी नोंदी साडेपाच तास मागे दिसू शकतात. रात्री २.१० ला पडलेली लिंक आदल्या दिवशी २०.४० ला पडल्याचं दिसतं आणि लाइनमनला विचारलं तर तो म्हणतो, तेव्हा तर लाईट होती. व्हॅलिडेट कमांड चालवली की ही तफावत ती स्वतःच दाखवते.

४ एप्रिल

सगळ्या यंत्रांवर एसएनएमपी चालू करण्याचं काम. मिक्रोटिकवर कम्युनिटीचं नाव (एसएनएमपीचा एक प्रकारचा पासवर्डच) मुळात ‘पब्लिक’ असतं आणि कुठूनही वाचता येतं. नाव बदला, पत्त्याच्या जागी फक्त मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी टाका, लिहिण्याची परवानगी देऊ नका. फायरवॉलमध्ये यूडीपी १६१ (एसएनएमपीचं दार) त्याच आयपीपुरतं उघडा. ज्या राउटरला सार्वजनिक आयपी आहे तिथे हे आधी.

युबिक्विटीच्या एअरमॅक्स रेडिओंनी उत्तरच दिलं नाही. कारण साधं: ते फक्त एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत बोलतात आणि आपण सगळीकडे व्ही-टू-सी (दुसरी आवृत्ती) विचारत होतो. आवृत्ती बदलून जोडल्यावर आले.

पण पहिल्या आवृत्तीची एक खोट आहे. तिच्यात ६४ बिटांचे काउंटर (किती डेटा गेला ते मोजणारे आकडे) नाहीत. ३२ बिटांचा काउंटर ४.२९ जीबीला पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये (सर्व्हरने यंत्रांना आकडे विचारायच्या फेरीत) सरासरी ११४ एमबीपीएसच्या वर गेलात की काउंटर मध्येच एक पूर्ण फेरा मारतो आणि आलेख खोटा पडतो. सावद्याची मुख्य लिंक संध्याकाळी भरभरून चालते, आणि आलेखात नेमकी त्याच वेळी खाली बसलेली दिसत होती. रेडिओचा आलेख सोडून द्या, त्याच्या मागच्या मिक्रोटिकच्या पोर्टचा बघा. रेडिओकडून सिग्नल आणि चालू-बंद एवढंच घ्या.

७ एप्रिल

सगळी यंत्रं एकदम जोडायला घेतली आणि गाडी अडली. पहिलं मिक्रोटिक जोडलं गेलं, पुढची बरीच नाकारली गेली. संदेश असा की या सिसनेमचं (यंत्रात भरलेल्या त्याच्या नावाचं) यंत्र आधीच आहे. ज्या राउटरला कोणी नाव दिलेलं नव्हतं त्या सगळ्यांचं नाव ‘मिक्रोटिक’. एकाच नावाची दोन यंत्रं सॉफ्टवेअर मुळातच घेत नाही. ही अट सेटिंगमधून सैल करता येते, मंचांवर तसा सल्लाही सर्रास मिळतो. तो घेऊ नका. अट सैल केली की यादीत चाळीस ‘मिक्रोटिक’ येतात आणि शोधपेटीचा उपयोग संपतो.

ज्यांना नावं होती त्यांचीही तीच गत. फैजपूर कुठे झेडने लिहिलेलं, कुठे जेने. सावदा आणि यावल कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. एका राउटरवर गावाऐवजी ज्या शेतकऱ्याच्या गच्चीवर तो बसलाय त्याचं आडनाव. आणि निंभोरा रावेर तालुक्यातही आहे, भुसावळ तालुक्यातही. शोधपेटी अक्षरं जुळवते, गाव ओळखत नाही. व्हीने शोधलं तर डब्ल्यूचा सावदा ‘नाहीच’ असं उत्तर येतं, आणि रात्री फोनवर असलेला माणूस ते खरं मानतो.

सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आधी नावं.

१० एप्रिल

रेल्वेचे स्टेशन कोड वापरावेत असा पहिला विचार होता. भुसावळ म्हणजे बीएसएल, जळगाव म्हणजे जेएल, हे इथल्या पोरासोरांना पाठ. पण यावल, फैजपूर, चोपडा यांना रेल्वेच नाही, त्यामुळे निम्मा पट्टा कोडाविना राहतो.

शेवटी ठरलेली रचना: तालुका, गाव, जागा, काम, क्रमांक. मोठ्याकडून छोट्याकडे. यादी अक्षरक्रमाने लावली की एका तालुक्याची, एका गावाची यंत्रं आपोआप शेजारी बसतात. प्रत्यक्ष नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये फक्त आडवी रेघ. अंडरस्कोर आणि मोकळी जागा नको, पुढे डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) नाव घालायचं झालं तर चालत नाही. रावेर तालुक्यातल्या निंभोऱ्याच्या पाण्याच्या टाकीवरचा राउटर असा होतो: रावेर-निंभोराबीके-टाकी-राउटर-१. बुद्रुकला बीके, खुर्दला केएच, आणि ते गावाला चिकटवूनच. वेगळं ठेवलं की लोक गाळतात.

रेडिओला दोन्ही टोकांची नावं: आधी रेडिओ जिथे आहे ते गाव, मग तो जिकडे बघतोय ते. ‘सावदा-ते-निंभोरा’ आणि ‘निंभोरा-ते-सावदा’. एक नाव शोधलं की लिंकची दोन्ही टोकं खाली-वर दिसतात. रात्री सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

गावांचं स्पेलिंग एका कागदावर पक्कं केलं, त्याची छापील प्रत टेबलाच्या काचेखाली. कोणतं बरोबर हा वाद करायचा नाही, कागदावर आहे ते बरोबर.

लिब्रेएनएमएसमध्ये यंत्र आयपीने जोडलंय आणि दाखवायचं नाव सिसनेमवरून घ्यायला सांगितलंय, म्हणजे नाव किंवा आयपी दोन्हींनी सापडतं. यंत्राचा आयपी बदलला तर डेटाबेसमध्ये हात घालून बदलू नका. आरआरडी फायलींचा फोल्डर होस्टनेमच्या (म्हणजे जोडताना दिलेल्या आयपीच्या) नावाचा असतो. डेटाबेसमध्ये बदललं की फोल्डर मागे राहतो आणि जुने आलेख गायब झालेले दिसतात. नाव बदलण्याची सोय वापरली की दोन्ही एकदम बदलतं.

११ एप्रिल

ठिकाण. यंत्राच्या सिसलोकेशनमध्ये (ठिकाणाच्या रकान्यात) गावाच्या पुढे चौकोनी कंसात अक्षांश, स्वल्पविराम, रेखांश लिहिलं की नकाशावर ठिपका येतो. रावेर साधारण [२१.२५, ७६.०३]. क्रम उलटला तर ठिपका नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या समुद्रात पडतो. मोबाइलच्या काही ॲपमध्ये रेखांश आधी येतो, तिथून उचलून चिकटवताना हे होतं. नकाशा एकदा पूर्ण लहान करून बघा, चुकलेले ठिपके लगेच दिसतात.

ठिकाणाच्या नावात खूण घातली: दूध डेअरी, मारुती मंदिर, जिनिंग. ग्राहक आयपी सांगत नाही, खूण सांगतो. देवनागरीत लिहून पाहिलं. एसएनएमपीच्या व्याख्येत हे रकाने साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच आहेत, आणि एका राउटरवरून मराठी अक्षरांचा काला परत आला. देवनागरी हवीच असेल तर ती सर्व्हरच्या बाजूला, यंत्राच्या पानावर ठिकाण हाताने लिहून.

१६ एप्रिल

सावद्याच्या मुख्य राउटरचं पान उघडायला अर्धा मिनिट, आणि त्याचं पोलिंग पाच मिनिटांत संपेना. पोलिंग वेळेत संपलं नाही की आलेखात खंड पडतात आणि चालू यंत्राची स्थितीही शिळी होते.

कारण पीपीपीओई, म्हणजे ग्राहकाने नाव-पासवर्ड देऊन जोडलं जाण्याची पद्धत. मिक्रोटिक प्रत्येक जोडलेल्या ग्राहकासाठी एक तात्पुरतं पोर्ट तयार करतं आणि एसएनएमपीवर ते खऱ्या पोर्टासारखंच दिसतं. हजारभर ग्राहक म्हणजे हजार पोर्ट. त्यात लोडशेडिंगची भर. लाईट गेली, आली, की सगळे ग्राहक नव्याने जोडले जातात आणि प्रत्येकाला नवा क्रमांक मिळतो. लिब्रेएनएमएसच्या लेखी जुनी पोर्टं ‘डिलीट’ झाली आणि नवी आली. दर भारनियमनाला हजार नव्या नोंदी, वर तितक्याच आरआरडी फायली. पोर्ट शोधायला ग्राहकाचं नाव टाकलं तर एकाच नावाचे पंधरा निकाल, चौदा मेलेले.

उपाय या क्रमाने. आधी सेटिंगमध्ये वाईट पोर्टांच्या नियमात पीपीपीओईने सुरू होणारी नावं टाका. नाव कोनाच्या कंसात असतं, नियमात तो कंसही धरा, नाहीतर जुळत नाही. मग त्या राउटरचं डिस्कव्हरी (यंत्रावर काय काय आहे ते नव्याने शोधणं) हाताने चालवा. त्यानंतर डिलीट झालेल्या पोर्टांच्या पानावर जाऊन सगळी कायमची काढा. उलट क्रमाने केलं तर काढलेली पोर्टं पुढच्या डिस्कव्हरीत परत येतात. पोलिंग मिनिटाच्या आत आलं.

ग्राहक जोडलेला आहे की नाही हे रेडियसच्या (ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) पॅनलवर बघायचं, ते काम या डॅशबोर्डचं नाही. ओएलटीच्या खालच्या ओएनयूंचंही (ग्राहकाकडच्या फायबरच्या पेट्यांचंही) तसंच. आमच्या ओएलटी एसएनएमपीवर स्वतःपुरतं सांगतात, ओएनयूसाठी त्यांचं पॅनलच उघडावं लागतं.

२२ एप्रिल

‘डाऊन’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो, हे सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

सर्व्हर आधी पिंग करतो, म्हणजे यंत्र हाकेला ओ देतं का ते बघतो. पिंगला उत्तर नाही तर इव्हेंट लॉगमध्ये कारण ‘आयसीएमपी’. पिंग चालतो पण एसएनएमपी बोलत नाही तर कारण ‘एसएनएमपी’. दोन्ही वेळा पडद्यावरचा त्या यंत्राचा चौकोन लालच. पहिल्यात गाडी काढावी लागते. दुसऱ्यात ग्राहकांचं नेट बहुधा चालू असतं: कोणीतरी राउटर रिसेट केला, कम्युनिटी बदलली किंवा सीपीयू शंभरावर गेला. पाल रस्त्यावरच्या एका टॉवरवर लाल चौकोन बघून माणूस शिडीसकट गेला, तिथे सगळं चालू. राउटर बदलताना नव्यावर एसएनएमपी चालूच केलेलं नव्हतं.

लाल दिसलं की आधी यंत्राच्या पानावर इव्हेंट लॉग, मगच फोन.

दुसरी खूण अपटाइमची, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे त्याची. यंत्र परत आल्यावर अपटाइम काही मिनिटांचा असेल तर वीज गेली होती. अपटाइम तसाच पुढे चालू असेल तर वीज होती, मधली लिंक पडली होती. यावरून निम्मी भांडणं मिटतात, कारण टॉवरच्या जागेचा मालक दर वेळी सांगतो की लाईट गेलीच नव्हती. एक अपवाद: अपटाइमचा मूळ काउंटर ३२ बिटांचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा. ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो. वर्ष-दीड वर्ष न हललेला राउटर अचानक ‘रीबूट’ झालेला दिसला तर आधी हा हिशोब करा.

२९ एप्रिल

शोधाची घडी बसवली. यंत्रांच्या यादीत वर गाळण्या आहेत: स्थिती, ठिकाण, ऑपरेटिंग सिस्टिम, हार्डवेअर, आवृत्ती. निवडलेली गाळणी ब्राउझरच्या पत्त्यात उमटते, म्हणजे तो पत्ता बुकमार्क करता येतो. मोबाइलवर तीन बुकमार्क दिले: सगळी डाऊन, फक्त रावेर तालुक्यातली डाऊन, फक्त यावलची डाऊन. चोपड्याचं काम एकाच माणसाकडे, त्याला वेगळा. आवृत्तीची गाळणी जुनं राउटरओएस राहिलेली यंत्रं काढायला कामी आली, ते सहज मिळालेलं फळ.

पोर्टावर कॉमेंट लिहा. मिक्रोटिकवरची इंटरफेसची कॉमेंट इथे पोर्टाचं वर्णन म्हणून येते आणि शोधता येते. वर्णनाची सुरुवात ‘कस्ट’ आणि कोलन अशी केली (इंग्रजी अक्षरांत) की ते पोर्ट ग्राहकांच्या वेगळ्या पानावर जातं. पुढे चौकोनी कंसात वेग, गोल कंसात सर्किट क्रमांक. पतसंस्था, कॉलेज, जिनिंग असे लीज लाइनवाले ग्राहक सगळे असे लिहिले. ‘कोअर’ आणि कोलन हे आपल्याच मुख्य लिंकसाठी.

मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअरचा पत्ता) शोधायची सोय आहे, पण ती ताजी समजू नका. स्विचमधला मॅक तक्ता आणि एआरपी तक्ता (कोणत्या आयपीचा कोणता मॅक) डिस्कव्हरीच्या वेळी घेतला जातो, आणि डिस्कव्हरी सहा तासांनी एकदा होते. लूप (वायर फिरून त्याच जाळ्यात परत जोडली जाणं) कोणत्या पोर्टावर लागला हे शोधताना सकाळचं उत्तर दुपारी मिळालं आणि चुकीची वायर काढली गेली. आधी त्या स्विचचं डिस्कव्हरी हाताने चालवा, मग शोधा.

८ मे

तापमानाचे अलर्ट दुपारी बारापासून सलग. लिब्रेएनएमएस सेन्सर पहिल्यांदा सापडतो तेव्हाच्या आकड्यात २० मिळवून वरची मर्यादा स्वतः ठरवतं. एप्रिलच्या पहाटे ३१ अंशांवर जोडलेल्या राउटरची मर्यादा ५१. भुसावळ-रावेरकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतात, गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत ५१ ही रोजची दुपार. मर्यादा हाताने लावल्या: इशारा ६२, गंभीर ६८. तुमच्या मॉडेलची कमाल मर्यादा डेटाशीटमध्ये बघून लावा, काहींची ६० वरच संपते.

अलर्ट दाबून टाकण्याआधी सेन्सरची यादी तापमानाच्या उतरत्या क्रमाने लावून बघितली, आणि बरं केलं. एकाच प्रकारच्या पेट्यांत तीन बाकीच्यांपेक्षा बऱ्याच गरम होत्या. तिन्ही पेट्या पश्चिमेकडे तोंड करून आणि खालची हवेची भोकं मधमाशी नको म्हणून टेपने बुजवलेली. टेप काढून जाळी लावली.

१५ मे

या सगळ्या कामात सर्वात जास्त वसूल झालेली गोष्ट: व्होल्टेज.

टॉवरवर दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे २४. लाईट असताना चार्जर त्यांना २७ च्या थोडं वर धरतो. लाईट गेली की आकडा थोड्या वेळात २५.५ च्या आसपास येतो आणि मग हळूहळू उतरतो. २३.६ म्हणजे बॅटरी संपत आली. म्हणजे राउटर बंद पडायच्या कितीतरी आधी लाईट गेल्याचं कळू शकतं.

आपोआप लागणारी खालची मर्यादा पहिल्या आकड्याच्या ८५ टक्के, म्हणजे २७.२ ला २३.१. तो अलर्ट येईपर्यंत खेळ संपलेला असतो. दोन मर्यादा हाताने लावा: इशारा २६, गंभीर २४.

सगळ्यांना एकच आकडा मात्र चालत नाही. राउटर वर आणि बॅटरी खाली असेल तर पीओईच्या (डेटासोबत वीजही नेणाऱ्या) केबलमध्ये व्होल्टेज पडतं. साध्या कॅट-५ई तांब्याच्या केबलमध्ये दोन जोड्यांवरून वीज दिली तर येण्याजाण्याचा रोध मीटरला ०.०८४ ओहम. ३० मीटरला अडीच ओहम, अर्ध्या अँपिअरला सव्वा व्होल्ट गायब. वरच्या राउटरला २७.२ च्या जागी २६ च्या खालीच दिसणार, म्हणजे इशारा कायम लागलेला. प्रत्येक जागी लाईट असताना काय दिसतं ते लिहून घ्या आणि त्यातून मर्यादा काढा. आणि एका जागी फरक तीन व्होल्टच्या वर होता. केबल उघडली तर तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघालं.

छोट्या मॉडेलना व्होल्टेजचा सेन्सरच नसतो. तिथे ही सोय नाही.

२४ मे

अलर्ट कुठे पाठवायचे? एसएमएस सोडला. त्यासाठी डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची) नोंदणी, मंजूर टेम्प्लेट, वर प्रत्येक संदेशाला पैसे. टेलिग्राम फुकट. बॉट तयार करा, गटात घ्या, गटाचा क्रमांक टाका. गटाचा क्रमांक उणे चिन्हासकट टाकायचा असतो. गट पुढे ‘सुपरग्रुप’ झाला की क्रमांक बदलतो आणि अलर्ट थांबतात. गटात शांतता असते आणि सगळं आलबेल वाटतं. म्हणून रोज सकाळी नऊला एक चाचणी संदेश लावून ठेवलाय. तो आला नाही तर बॉट तपासायचा.

सर्व्हर ऑफिसात आणि ऑफिसचीच बाहेरची लाइन गेली तर अलर्ट निघणार कसा? वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला डोंगल लावला आणि फक्त टेलिग्रामचा मार्ग गरजेला त्यावरून वळवला.

३ जून

पावसाच्या आधीचं वादळ. केळीच्या बागा आडव्या झाल्या, सावद्याकडची मुख्य लिंक हलली. एका लिंकपायी साठच्या आसपास अलर्ट आले आणि खरी पडलेली जागा त्यात बुडाली. यंत्रांचे पालक लावायचं काम अर्धवट होतं, ते त्याच रात्री पूर्ण केलं.

पालक असा लावायचा: लिंकच्या पलीकडच्या रेडिओचा पालक अलीकडचा रेडिओ, पलीकडच्या राउटरचा पालक पलीकडचा रेडिओ. सर्व्हरकडून बाहेर जाताना जे आधी लागतं ते पालक. रावेरला दोन बाजूंनी मार्ग आहे, तिथे दोन पालक. सगळे पालक पडले तरच मुलाचे अलर्ट थांबतात, हे बरोबरच आहे.

एवढं करूनही पुढच्या वाऱ्याला मुलांचे अलर्ट आले. यंत्रं एकाच क्षणी पोल होत नाहीत. मूल आधी तपासलं गेलं तर पालक अजून हिरवाच असतो. अलर्टच्या नियमात उशीर पोलिंगच्या फेरीपेक्षा जास्त हवा. सात मिनिटं ठेवला. तेवढं थांबणं ज्यांना परवडत नाही अशा मोजक्या यंत्रांसाठी दर मिनिटाची वेगळी पिंग तपासणी चालू केली. ती चालू करण्याआधी पिंगच्या जुन्या आरआरडी फायली नव्या मिनिटाच्या पायरीत बदलून घ्याव्या लागतात, त्यासाठी स्क्रिप्ट सोबतच येते.

९ जून

भिंतीवरच्या टीव्हीवर आता तीनच खिडक्या: चालू अलर्ट, स्थितीचे चौकोन, इव्हेंट लॉग. जगाचा नकाशा, टॉप इंटरफेस वगैरे काढून टाकलं, त्याकडे कोणी बघत नव्हतं. काढून नेलेली यंत्रं ‘अलर्ट बंद’ करून ठेवायची सवय लागली होती. तसं केलं की ती पोल होत राहतात आणि डाऊनच्या यादीत लाल बसतात. गोडाउनला परत आलेल्या यंत्राचं पोलिंगच बंद करायचं, भंगारात गेलं तर यादीतून काढायचं.

राहिलेलं: चोपड्याकडच्या जुन्या स्विचांवर पोर्टाच्या कॉमेंट, दोन जागांचे अक्षांश-रेखांश, आणि धानोऱ्याच्या राउटरचं व्होल्टेज लाईट असताना मोजून मर्यादा लावणं.